गायकवाडांची सात बटणं

अहो गायकवाड, तुमच्या बटणांचं पत्रक कुठेही सापडलं नाही. सापडणार कसं? तुम्ही ते लिहिलंच नव्हतं. कुठलं बटण दाबलं की काय होतं ते एका कागदावर उतरवून द्या, म्हणून मी अकरा वर्षं तुमच्या मागे लागले होते. पालथ्या घड्यावर पाणी. तुम्ही दर वेळी दहाही बोटं माझ्यासमोर नाचवायचात आणि म्हणायचात, "बाई, सगळं इथं आहे." आता ती बोटं घेऊन तुम्ही निघून गेलात. लोक याला अकाली जाणं म्हणताहेत. मी तीस वर्षं शाळेत गणित शिकवलंय, मी याला बेशिस्त म्हणते.

वारज्याला तुमच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी आले होते. हॉल भरलेला होता. त्रिशरण-पंचशील झालं आणि मग एकेक जण बोलायला उठला. तुमच्या जुन्या ऑफिसातल्या एका साहेबांनी सांगितलं, की टेलिफोनच्या बोर्डावर बसलेले असताना तुम्हाला सगळ्या इमारतीची एक्स्टेंशनं पाठ होती आणि फोनवरच्या नुसत्या श्वासावरून तुम्ही माणूस ओळखायचात. लोक डोळे पुसत होते. मग माझं नाव पुकारलं. मी उठले, म्हणाले, "गायकवाडांचं काम चोख होतं," आणि खाली बसले. तुमची मुलगी सुजाता माझ्याकडे बघत राहिली. त्या दिवशी तेवढंच जमलं. आज मात्र नीट बोलणार आहे, आणि तुम्हाला मध्ये तोंड घालता येणार नाही, ही त्यातली त्यात सोय.

हा मजकूर आपल्या संस्थेच्या अंकात जायचा आहे, म्हणून तुम्हाला पाठ असलेलंही लोकांसाठी थोडं लिहावं लागतंय. सदाशिव पेठेत एका दवाखान्याच्या वर आपल्या दोन खोल्या. ज्यांना दिसत नाही अशा मुलांना परीक्षेसाठी लेखनिक मिळवून द्यायचा. मूल उत्तर सांगणार आणि लेखनिक ते कागदावर उतरवणार. ऐकायला सोपं वाटतं. पण लेखनिक परीक्षार्थीपेक्षा खालच्या इयत्तेतला हवा, त्याच्या घरापासून केंद्र फार लांब नको, त्याची स्वतःची परीक्षा त्या दिवशी नको, आणि गणिताच्या पेपरला वर्गमूळ आणि घात ओळखणारा हवा. आपल्या आजूबाजूच्या अभ्यासिकांमध्ये शेकडो मुलं मान मोडून बसलेली असतात, पण सगळी पदवीधर. नियमाने त्यातलं एकही चालत नाही. समुद्रात राहून पिण्याच्या पाण्याला मोताद, असं तुम्ही म्हणायचात.

या जोड्या जमवायला तुम्ही ती एक्सेलची शीट बांधलीत. आपण दोघंही निवृत्त, दोघंही फुकट राबणारे, पण तुमचा थाट मुख्य अभियंत्याचा. जन्मापासून दिसत नसलेल्या माणसाने हे शिकायचं कसं, असा प्रश्न मला पडायचा; तुम्हाला कधी पडलेला दिसला नाही. तुम्ही मॅक्रो लिहायचात, म्हणजे ओळीने करायची दहा-वीस कामं एका दमात उरकणारी आज्ञा. माऊसला तुम्ही हातही लावायचा नाहीत. कानात ते स्क्रीन वाचून दाखवणारं यंत्र, तेही इतक्या वेगात की मला वाटे कोणीतरी भांडी पाडतंय. कंट्रोल आणि शिफ्ट धरून ठेवायचं, वर एक अक्षर दाबायचं, की झाल्या जोड्या. मी फोन करायचे, माहिती विचारायचे, चौकटी भरायचे. तुम्ही बटण दाबायचात.

अक्षरं निवडण्याचा अधिकार एकदाच मी माझ्याकडे घेतला होता. पहिलंच वर्ष. लेखनिक शोधायचं बटण सोपं हवं, नुसतं कंट्रोल आणि एस, 'शोध'चा एस, असा मी हट्ट धरला. तुम्ही म्हणालात, "बाई, त्या जागेवर आधीच कोणीतरी राहतंय." मी म्हटलं, "मग त्याला दुसरीकडे हलवा." तुम्ही हूं की चूं न करता माझं म्हणणं मान्य केलंत. पुढचे दोन दिवस मी फाईल जतन करायला एस दाबत होते, आणि फाईल जतन व्हायच्या ऐवजी इमानेइतबारे लेखनिक शोधत होती. दोन दिवसांच्या नोंदी गेल्या. तुम्ही एवढंच म्हणालात, "शोध चांगला लागला." मी कानाला खडा लावला.

त्यानंतर तुम्ही ठरवलेली चार अक्षरं मी तुमच्या शेजारी बसून चिठ्ठीवर उतरवली आणि ती स्क्रीनच्या कडेला चिकटवली. जोडीला जे, हजेरीपत्र छापायला पी, लेखनिकांच्या यादीला एल, कोणी गळला तर नवा आणायला एन. बाकीची तुमच्यापुरती होती. ही चार मी दाबायचे, आणि छान चाललं होतं.

आणि मग माझा हात मोडला. दोन वर्षं झाली. कसब्यात तांब्याचं घंगाळ घ्यायला गेले होते, दुकानाच्या पायरीवरून घसरले आणि उजवं मनगट गेलं. सहा आठवडे प्लास्टर. परीक्षा तोंडावर होत्या, म्हणून चौथ्या दिवशी मी गळ्यात हात अडकवून हजर झाले. मला शीट उघडून यादी काढायची होती. प्लास्टरमधून बाहेर आलेल्या बोटाने कसाबसा एल दाबला, तर यादीच्या जागी सगळ्या मथळ्यांवर भलतेच बाण उगवले. पी दाबला, तर अक्षरांचे आकार निवडायची खिडकी. तुम्ही मला न विचारता सगळी अक्षरं बदलून ठेवली होतीत. खोलीत आठ-दहा माणसं होती. मी काही बोलायच्या आत तुम्ही खुर्चीतून म्हणालात, "बाई, आता एका हातानं होतंय का बघा."

माझं डोकं फिरलं. म्हटलं, "हात मोडलाय माझा, तमाशा नाही मांडला." चिठ्ठी ओढून काढली, चुरगाळली, टोपलीत टाकली. "आजपासून बटणं तुमची, चौकटी माझ्या. मी एकाही बटणाला हात लावणार नाही." तुम्ही म्हणालात, "बरं." एवढंच.

माझी बाजूही ऐकून घ्या. तुम्ही मला कधी सरळ काही म्हणाला होतात का? पाच मिनिटं उशीर झाला की "बाई आल्या, आता घड्याळं लावून घ्या." चहा फिका झाला की "साखरेला सुट्टी दिली वाटतं." मीही काही कमी नव्हते. अकरा वर्षांत आपण एकमेकांना जे जे म्हटलं त्याचा वाकडाच अर्थ घ्यायचा असतो, असा अलिखित करार होता. आपल्याकडे पाटीसुद्धा सरळ लिहीत नाहीत, तिथे आपली काय कथा. तेव्हा त्या दिवशीचं वाक्य मी नेहमीच्या खात्यात टाकलं. हात मोडलेल्या बाईला टोमणा मारायचा म्हणजे हद्द झाली, असं घरी जाऊन सगळ्यांना सांगितलंही.

त्यानंतर महिनाभर गंमत म्हणजे तुम्हीच चुकत होतात. जोड्या लावायला जायचात आणि भलतीच खिडकी उघडायची. यंत्र कानात बडबडायचं, तुम्ही "च्च" म्हणून परत पहिल्यापासून सुरू. इतकी वर्षं एकदाही न चुकलेला माणूस दिवसातून दहा वेळा चुकत होता. मी ही संधी सोडते की काय? "गायकवाड, स्वतः केलेले बदल स्वतःलाच आठवेनात. वय झालं." तुम्ही हसून म्हणालात, "झालं खरं, बाई." माझं प्लास्टर निघालं. अक्षरं तुम्ही परत बदलली नाहीत आणि मी परत विचारलं नाही. दोन वर्षं आपण असेच बसलो, तुमची बटणं आणि माझ्या चौकटी.

आता ऐका परवाचं. सोमवारी बासष्ट मुलांच्या जोड्या केंद्रांवर कळवायच्या होत्या. तुम्ही जाण्याआधी एकोणीस लावल्या होत्यात. उरलेल्यांपैकी वारज्याची प्रणाली मला दिवसाआड फोन करत होती. तुमच्याच शेजारच्या सोसायटीतली, बारावीची. "काकू, माझं नाव आलं का? सर म्हणाले होते, तू बिनधास्त गणित घे, लेखनिक मी बघतो. सगळे नको नको म्हणत होते हो, मी सरांच्या भरवशावर घेतलंय." मी तिला सांगितलं, "सरांनी सांगितलंय ना, मग होणार." सांगितलं खरं, पण कसं होणार ते मला ठाऊक नव्हतं. हाताने जोड्या लावायच्या तर पंधरा दिवस लागले असते आणि माझ्याकडे दोन होते.

शनिवारी दुपारी मी तुमच्या खुर्चीत बसले. लॅपटॉप उघडला आणि तुमचं यंत्र एकदम बोलायला लागलं, त्याच भांडी पडल्याच्या वेगात. मी दचकले. ते बंद कसं करतात मला माहीत नाही, आणि खरं सांगायचं तर बंद करावंसंही वाटलं नाही. म्हटलं, बडबड बाबा, खोलीत कोणीतरी आहे असं तरी वाटेल.

मॅक्रोंची यादी उघडली, तर एक्केचाळीस नावं. जोडी, जोडी दोन, जोडी नवी, जोडी नवी खरी, जोडी शेवटची, जोडी एकदम शेवटची. गायकवाड, शाळेत असतात तर या नावांबद्दल मी तुम्हाला बाकावर उभं केलं असतं. मी फाईलची एक प्रत काढली, कारण मॅक्रोने केलेलं उलटवता येत नाही, आणि त्या प्रतीवर 'एकदम शेवटची' चालवून पाहिली. तिने प्रणालीला जो मुलगा दिला तो आता इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. असा लेखनिक घेऊन ती केंद्रावर गेली असती तर तिला दारातूनच परत पाठवलं असतं. म्हणजे ही शेवटची नव्हती. मग कुठली?

भाच्याला फोन केला असता तर तो "मावशी, सिम्पल आहे गं" म्हणाला असता, म्हणून केला नाही. यादीत एकेक नाव निवडून ऑप्शन्सवर टिचकी मारली, की एक लहान खिडकी येते आणि त्या मॅक्रोला बटण नेमलेलं असलं तर तिथे अक्षर दिसतं. पहिल्या अकरा खिडक्या रिकाम्या. बाराव्या खिडकीत मोठा डब्ल्यू होता. मोठं अक्षर म्हणजे सोबत शिफ्टही. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तुम्ही यादीतून नाव कधीच निवडायचा नाहीत, तुम्ही फक्त बटणं दाबायचात. मग ज्याला बटण नेमलंय तोच मॅक्रो चालू कामाचा, बाकी सगळे तुमचे जुने खर्डे. जवळच्या चिठ्ठीवर लिहून ठेवलं असतंत तर हे शोधायला मला दोन तास लागले नसते, पण असो.

उरलेल्या एकोणतीस खिडक्या उघडायचा मला कंटाळा आला. मग मॅक्रोंची फाईलच बाहेर काढली आणि साध्या नोटपॅडमध्ये उघडली. मॅक्रो जिथे लिहितात त्या जागी जी ओळ दिसत नाही, ती इथे दिसते. ज्याला बटण दिलंय त्याच्या नावाखाली एक लांबलचक इंग्रजी ओळ, आणि तिच्या शेवटी अवतरणचिन्हांत ते अक्षर. शोधायला सांगितलं, सात सापडली. डब्ल्यू, ई, आर, टी, डी, एफ, जी. मी ती कागदावर मांडली आणि माझा संताप झाला. जोडीला डब्ल्यू का? यादीला डी का? नवा लेखनिक आणायचा तर जी? एन काय वाईट होता? ज्यांना आगा ना पिछा अशी अक्षरं माणसाने मुद्दाम मला छळायला निवडली, अशी माझी खात्री पटली.

तरी चालवून पाहणं भाग होतं. खालच्या हॉटेलातून चहा आला होता. पेला उचलला आणि प्रतीवर एकेक बटण दाबत गेले. डब्ल्यूने जोड्या लावल्या, मी तपासल्या, नियमात बसत होत्या. डीने यादी काढली. एफने हजेरीपत्रं तयार केली. मग खऱ्या फाईलवर जोड्या लावल्या. बासष्टपैकी एकसष्ट लागल्या. राहिली ती प्रणालीच. तिच्या नावावर जाऊन जी दाबला. तुमचं यंत्र काहीतरी भराभरा बोललं आणि तीन नावं समोर आली. पहिलं कोथरूडच्या अकरावीतल्या एका मुलीचं, गणित घेतलेली. लगेच फोन लावला. ती म्हणाली, "हो काकू, येईन की. प्रॅक्टिसला आधी एकदा भेटू का आम्ही?" मी प्रणालीला कळवलं. तिने विचारलं, "कोणी लावली जोडी?" मी म्हटलं, "गायकवाड सरांनी."

फोन ठेवला, आणि मग माझ्या लक्षात आलं, की चहाचा पेला अजून माझ्या उजव्या हातात आहे. फोनही डाव्या हाताने केले होते. सातही बटणं दाबून झाली, काही तर पाच-सहा वेळा, आणि पेला मी एकदाही खाली ठेवला नव्हता. ठेवायची गरजच पडली नव्हती. कीबोर्डकडे पाहिलं. करंगळी कंट्रोलवर, शेजारचं बोट शिफ्टवर, आणि सातही अक्षरं डाव्या हाताच्या उरलेल्या बोटांखाली. जुनी चार आठवली. जे, पी, एल, एन. चारही उजवीकडे.

मी सुजाताला फोन केला. विचारायचं कसं ते कळेना, म्हणून सरळच विचारलं, "माझा हात मोडला होता तेव्हा बाबा घरी काही म्हणाले होते का गं?"

ती हसली. "अहो काकू, तेव्हा बाबांनी आम्हाला वैताग आणला होता. डायनिंग टेबलावर कीबोर्ड घेऊन बसायचे, उजवा हात असा पाठीमागे धरून, आणि डाव्या हातानं टकटक टकटक. आई म्हणाली, हे काय नवीन? तर म्हणाले, 'कुलकर्णी बाईंचा हात मोडलाय. त्यांना कुठली बटणं झेपतील ते बघतोय.' तीन दिवस तेच. आईनं विचारलं, तुमच्या सवयीचं काय? तर म्हणाले, 'माझं काय, मी शिकेन परत.'" मग तिने विचारलं, "तुम्हाला सांगितलं नव्हतं त्यांनी?"

सांगितलं होतं, गायकवाड. आठ-दहा माणसांदेखत सांगितलं होतं. मला सरळ ऐकता आलं नाही.

ज्याला दिसत नाही त्याच्या बोटांना बसलेली जागा म्हणजे काय असतं, हे मला कळायला हवं होतं. मी अकरा वर्षं तुमच्या शेजारी बसले होते. माझ्या सहा आठवड्यांच्या प्लास्टरसाठी तुम्ही तुमची वर्षानुवर्षांची सवय मोडलीत, महिनाभर चुकत राहिलात, आणि मी तुम्हाला वय झालं म्हणून हिणवलं. तुम्ही "झालं खरं" म्हणालात. मला लाज वाटली, आणि शनिवारी दुपारी तुमच्या खुर्चीत बसून मी रडले. यंत्र बडबडतच होतं. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "बाई, कीबोर्डवर पाणी नको." पेला तेव्हा मी खाली ठेवला.

तुमच्यावर माझा रागही आहे, तो सोडलेला नाही. हात बरा झाल्यावर एकदा तरी म्हणायचं होतंत, की बाई, ते तुमच्यासाठी होतं. पण मग तुम्ही गायकवाड कसले? आणि मी तरी दोन वर्षांत एकदा विचारलं का, की ही अक्षरं अशी का आहेत? विचारलं असतं तर तुम्ही सांगितलं असतंत, याची मला खात्री आहे. काही वाकडं बोलून, पण सांगितलं असतंत. तेव्हा हा वाद निम्मा-निम्मा मिटवू. माझ्या वाटचा निम्मा मी इथे छापून देते आहे.

सोमवारी बासष्ट नावं केंद्रांवर गेली. एकही परत आलेलं नाही. पत्रक मी स्वतः लिहिलं, सात अक्षरं आणि सात कामं, आणि जुने खर्डे वेगळ्या फाईलमध्ये बांधून ठेवले. त्यांची नावं तशीच ठेवली आहेत, 'एकदम शेवटची'सकट. आपल्याकडे नव्याने यायला लागलेल्या परांजप्यांनी पत्रक वाचून विचारलं, "बाई, सगळी डावीकडेच का? थोडी इकडेतिकडे करू का, लक्षात ठेवायला सोपी पडतील?" एरवी मी त्यांना काय ऐकवलं असतं ते तुम्हाला माहीत आहे. जिभेवर आलंही होतं. पण मी नीट, एकेक शब्द सरळ उच्चारत सांगितलं, "माझा उजवा हात मोडला होता, म्हणून गायकवाडांनी ती माझ्यासाठी डावीकडे आणली. ती तिथेच राहतील." ते गृहस्थ घाबरले. पुण्यात इतकं सरळ बोलणं ऐकायची सवय नसते.

आता मी रोज तुमच्या खुर्चीत बसते. चौकटीही माझ्या आणि बटणंही माझीच. मनगट थंडीत थोडं ठणकतं, एरवी उत्तम आहे. तुम्ही त्या दिवशी एक साधी गोष्ट विचारली होतीत आणि तिचं उत्तर माझ्याकडून राहून गेलं. ते घ्या.

होतंय, गायकवाड. एका हातानं सगळं होतंय.